अहो, चला घरी

माझ्या वयाच्या बायका फोनवर नातवंडांचे फोटो दाखवतात. कोणाचा नातू बोहल्यावर, कोणाची नात परदेशात बर्फात उभी. माझ्या नातीचे फोटो पाहायला मागितले तर मी काय दाखवू? ओल आलेली भिंत, मोडकं दार, गंजलेला नळ. पोरीची पुण्याला नोकरी आहे, बरी आहे म्हणतात. पण सुटी मिळाली की ती कॅमेरा गळ्यात अडकवते आणि माणसं उठून गेलेल्या जागा शोधत हिंडते. बंद पडलेली कापसाची जिनिंग. छोट्या गाडीचं स्टेशन, जिथे रुळांमधून आता तरोटा उगवतो. धरणाच्या कामावरच्या लोकांची जुनी क्वार्टरं.

परवाच्या दसऱ्याला ती माझ्याकडे आली, बाभुळगावच्या पुढे आमचं गाव आहे तिथे. आल्याआल्या लॅपटॉप उघडून बसली.

"फोटो काढायच्या आधी झाडून तरी घ्यायचं होतं," मी म्हटलं.

"आजी, झाडलं तर त्यात उरतं काय?"

"मग आमच्या मागच्या खोलीचे काढ. तिथं दिवाळीपासून कोणी झाडलं नाई. कायले उगाच पेट्रोल जाळून राह्यली?"

ती हसली आणि पुढचा फोटो लावला. मीही चष्मा पुसून पुढे सरकले. खरं सांगते, मला तिची थट्टा करायला आवडतं, पण ते फोटो मला सोडत नाहीत. जिनिंगच्या फोटोत एक खुर्ची होती आणि खुर्चीच्या पाठीवर टॉवेल वाळत टाकलेला होता. टाकणारा तो उचलायला यायचा राहिला. मी त्या टॉवेलकडे पाहत राहिले, जसं दारात कोणी येतंय असं वाटून आपण हातातलं काम थांबवतो तसं. लग्नाच्या फोटोत शंभर माणसं असतात आणि एकही धड दिसत नाही. या रिकाम्या खोल्यांत मात्र नुकतं कोणी उठून गेलंय असं वाटतं, आणि आपण थोडं थांबलो तर ते परत येईल असंही.

"अजून आहेत का?" मी विचारलं.

"आहेत. हे कालच काढले. यवतमाळच्या रस्त्यावर तो बंद दवाखाना आहे ना, तिथले."

पहिला फोटो व्हरांड्याचा. दुसऱ्यात भिंतीवर पाटी होती, "शांतता राखा", तिच्या मागे पालीनं घर केलेलं. तिसरा एका लांबलचक खोलीचा होता. ओळीनं खिडक्या, खिडक्यांतून आत घुसलेल्या फांद्या, फरशीवर वाळलेली पानं, आणि टोकाला उंबरठा. मी सुपारी चघळत होते, ते थांबलं.

"हा पुरुषांचा वॉर्ड," मी म्हटलं.

"तुला कसं कळलं? पाटी तर पडलीये."

"मी तिथं माझा नवरा ठेवून आली," मी म्हटलं. "म्हणजे, बहुतेक."

पोरीला वाटलं, आजोबा तिथे वारले असं मी म्हणतेय. तिचे आजोबा याच घरात, दुपारच्या झोपेत, कोणाला त्रास न देता गेले, त्याला आता काही वर्षं झाली. हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती गोंधळली. मग मला सगळं सांगावं लागलं.

*

मी यवतमाळच्या एका कारकुनाची मुलगी. बी.ए. झाले, चष्मा लागला आणि डोक्यात वारं शिरलं. कॉलेजच्या गच्चीवर मैत्रिणींसमोर जाहीर केलं की मी नवऱ्याला नावानं हाक मारीन, सगळ्यांसमोर मारीन. त्या पोरी घाबरून खाली पाहायच्या आणि मला वाटायचं, पाहा, देश बदलतोय. लग्नात उखाण्याची वेळ आली. क्रांती ओठापर्यंत आली, तिनं बाहेर डोकावलं, मांडवातले पाहुणे पाहिले आणि मुकाट्यानं परत आत जाऊन बसली. मी उखाण्याच्या शेवटी काहीतरी पुटपुटले. सासूबाई म्हणाल्या, "नाव घेतलं का शिंकली व?" त्या दिवसापासून मी "अहो"वर आले.

माझा नवरा कपाशी आणि तूर करायचा. धिप्पाड, मोठ्या आवाजाचा. शेताच्या धुऱ्यावरून हाक मारली की घरातली मांजर उठून बसायची. पांघरूण पायानं उडवून उठायचा, चहा एका घोटात संपवायचा, आणि रस्त्यानं माझ्या इतका पुढे चालायचा की अनोळखी माणसाला आम्ही दोन वेगळ्या गावचे वाटावे. वाईट नव्हता. घाईत होता.

लग्नानंतर दोनेक वर्षांनी, कापसाची वेचणी सुरू होताना, त्याला विषमज्वर झाला. मुदतीचा ताप. तेव्हा तो दवाखाना भरात होता. कोण्या जिनिंगवाल्यानं धर्मादाय बांधलेला, पांढऱ्या चुन्याचा, स्वच्छ. नवरा खिडकीजवळच्या खाटेवर, मी खाली सतरंजीवर, सासूबाई बाहेर कडुनिंबाखाली चूल मांडून. ताप डोक्यात गेला तेव्हा तो बैलांना हाका मारायचा, मला ओळखायचा नाही. मी त्याचे पाय चेपत पुस्तक वाचायचे. खरं तर पान उलटत नव्हते, पण शेजारच्या खाटांवरच्या लोकांना दिसावं की ही वाचणारी बाई आहे. काय सांगू, तेव्हाची मी आज समोर आले असते तर मीच माझ्या पाठीत एक धपाटा घातला असता.

वॉर्डच्या कोपऱ्यात एक माणूस होता. त्याच्याकडे कधी कोणी आलं नाही. मारेगावकडचा असावा, असं कंपाउंडर म्हणायचा. दिवसभर तो एकच काम करायचा: अंगावरची चादर काढायची, चारही टोकं नीट जुळवायची, घडी घालायची, हातानं सपाट करायची, आणि पुन्हा उघडून अंगावर घ्यायची. सीताफळांचे दिवस होते. घरून आलेल्या टोपलीतलं एक फळ, डोळे पडलेलं, चांगलं पिकलेलं, मी त्याला दिलं. त्यानं ते सावकाश खाल्लं. बिया टाकायला जागा नव्हती म्हणून मुठीत धरून बसला, मग उठून खिडकीबाहेर टाकल्या. "तुम्ही खाल्लं का बाई?" असं त्यानं विचारलं. एवढंच आमचं बोलणं.

ताप उतरला. डॉक्टरांनी उद्या घरी न्या म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला कडुनिंबाखाली बसवलं.

"आइक पोरी. मोठा ताप आला का जीव अंगात राहत नाई. वर आढ्याले जाऊन बसते. मानूस उठून घरी आला तरी थो तिथंच बसून राहते. म्हनून उंबऱ्यावर उभं राह्याचं, नाव घ्याचं, न् म्हनाचं, चाल घरी. नाव आइकलं का उतरते थो."

"तुम्हीच म्हणा ना मग."

"मले कसं जमन? मी सकायीच घरी जातो. भाकरतुकडा ओवायून घरात घेनारं मानूस दारात पायजे, न् हाक मारनारं मानूस तिकडं. दोन्ही एक चालत नाई. तू बायको हायेस, तूच घेजो नाव. तीनदा घेजो. न् मांगं पाहू नको."

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, बी.ए.च्या बाईनं आढ्यावरच्या जिवाला हाका मारायच्या? आणि त्याच्याही खाली, आणखी आत, दुसरी धास्ती होती. नाव घ्यायचं होतं. भर वॉर्डात, मोठ्यांदा, परक्या पुरुषांसमोर. पाहा गंमत. शिकलेली म्हणून माझा विश्वास नव्हता आणि सून म्हणून माझं तोंड उघडत नव्हतं. दोघींचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा माझ्या खांद्यावर हात टाकून वॉर्डच्या दारापर्यंत आला आणि उंबरठा ओलांडला. मी उंबरठ्यावर थांबले. सासूबाईंचा शब्द अगदीच मोडायला नको म्हणून, कोणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हटलं, "अहो, चला घरी."

"हो. आलो," कोपऱ्यातून आवाज आला.

बायकोनं जेवायला बोलावल्यावर माणूस म्हणतो ना, तसा. कोपऱ्यातला तो उठून बसला होता, पाय खाली सोडून चपला शोधत होता. चपला नव्हत्याच तिथे. वॉर्डातली माणसं हसली. मीही तोंडाला पदर लावून हसले. मग मागे पाहायचं नाही हे आठवलं आणि मी नवऱ्याला घेऊन निघाले. मागे पाहून झालं होतं.

काही दिवसांनी तो कंपाउंडर आमच्या गावच्या बाजारात भेटला. तो माणूस त्याच दुपारी गेला म्हणाला. चपला शोधत होता.

*

घरी सासूबाईंनी उंबरठ्याबाहेर थांबवून भाकरीचा तुकडा आणि पाणी लेकावरून ओवाळून टाकलं आणि त्याला आत घेतलं. मी त्याला पाणी दिलं. त्यानं तांब्या हातात धरला आणि म्हणाला, "तू प्यालीस?"

हा प्रश्न मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला होता. मला बरं वाटलं. मग वाटलं, असंच कोणीतरी आपल्याला नुकतं विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची चादर खाटेच्या पायथ्याशी ठेवलेली होती. चारही टोकं जुळवून. सासूबाई ती चादर बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या. मग मला चुलीपाशी गाठलं.

"का म्हन्लं तू उंबऱ्यावर?"

"अहो, चला घरी. असंच."

"नाव?"

मी परातीतल्या पिठाकडे पाहत राहिले.

"अवो पोरी," त्या कपाळाला हात लावून खाली बसल्या, "अहो तं बजारात म्हन्लं तरी अर्धा बजार पलटते. दवाखान्यात कायले म्हन्लं?"

मला हसू फुटलं. त्यांनाही फुटलं. पण माझं लवकर थांबलं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय. आला थो आला. कोनाचाई असो, जेवू घाल."

आणि मी जेवू घातलं. आयुष्यभर घातलं. तो माणूस हळू बोलायचा. रस्त्यानं माझ्या बाजूनं चालायचा. माझी पुस्तकं वाचायचा नाही, पण त्यात काय आहे ते विचारायचा आणि ऐकायचा. त्याच्यापासून मला दोन लेकरं झाली, एक या पोरीचा बाप. मी बी.ए. आहे, ताप डोक्यात गेला की माणसाचा स्वभाव पालटतो हे मला कळतं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. पण भर दुपारी घरात कोणी नसताना तो ओसरीवर बसून धोतराची घडी घालायचा, तेव्हा मी दाराआडून पाहायचे, आणि डॉक्टरांचं म्हणणं मला आठवायचं नाही.

त्याला मी सांगितलं होतं सगळं. तो म्हणाला, "मग नेऊन दे परत."

"राहू दे," मी म्हटलं. "आता सवय झाली."

भांडण झालं की मी त्याला "कोपऱ्यातले" म्हणायचे. तो म्हणायचा, "कोपऱ्यातल्यानं हाक तरी आइकली. तुह्या नवऱ्यानं कुठं आइकली?" आम्ही दोघं हसायचो. पण यवतमाळला जाताना एस.टी. त्या दवाखान्यावरून जायची तेव्हा मी खिडकीतून तिकडे पाहायचे आणि तो नेमका दुसरीकडे पाहायचा. दर वेळी. मी त्याला कधी विचारलं नाही का ते.

गावातलं घर नंतर पाडून स्लॅबचं केलं. गवंडी म्हणाला, उंबरठा काढून फरशी सरळ करू, आता कोणी उंबरठा ठेवत नाही. मी हट्टानं जुना लाकडी उंबरठा बसवून घेतला. लेकाला वाटलं म्हातारीला सासूची आठवण असेल. मला काय वाटत होतं ते मी कोणाला सांगितलं नाही. कोणी इतक्या वर्षांनी घर शोधत आलं, तर काहीतरी ओळखीचं दिसायला हवं.

*

हे सगळं ऐकून पोरीनं तो वॉर्डचा फोटो पुन्हा लावला. मग म्हणाली, "आजी, तो दवाखाना दिवाळीनंतर पाडणार आहेत. प्लॉटांचं लेआउट पडणार आहे तिथे. खुंट्या ठोकल्यात."

 नवरा गेला तेव्हाही मी एवढी घाबरले नव्हते. जो माझ्याजवळ गेला त्याला मी तोंडात पाणी घातलं, त्याचं सगळं केलं. पण तिथे कोणी आढ्यावर बसलं असेल, पंचविशीचं, मोठ्या आवाजाचं, घाईतलं, आणि इतकी वर्षं आपलं नाव ऐकायची वाट पाहत असेल, तर आढंच पडल्यावर त्यानं जायचं कुठे?

"मले ने उद्या," मी म्हटलं.

"तिथे गवत आहे कमरेएवढं. साप असतील."

"असू दे. मी सासूसोबत राह्यलेली बाई आहे."

दुसऱ्या दिवशी जेवून निघालो. तिला सकाळचं ऊन हवं होतं, मला दुपारच हवी होती. दाराशी वॉचमनची खाट होती, वॉचमन नव्हता. पोरीनं मला नियम सांगितले: कशाला हात लावायचा नाही, काही हलवायचं नाही, जे जसं आहे तसं. व्हरांड्यात एक स्टूल उलटं पडलं होतं. मी सवयीनं सरळ केलं.

"आजी."

"बरं बाई," म्हणत मी ते परत पाडलं.

"आता ते पाडलेलं वाटतंय."

पुरुषांच्या वॉर्डच्या बाहेर सीताफळांचं रान माजलं होतं. ओळीनं, प्रत्येक खिडकीखाली. वॉर्डातल्या माणसांनी वर्षानुवर्षं खाऊन बाहेर टाकलेल्या बियांचं. दसऱ्याचे दिवस, फळांना डोळे पडलेले. पोरीनं हात पुढे केला.

"खाऊ नको," मी म्हटलं. "कोणाच्या तोंडचं बी आहे काय माहीत."

तिनं हात मागे घेतला आणि कॅमेरा लावला.

मी आत गेले. खाटा नेलेल्या होत्या. पण भिंतीवर, प्रत्येक खाटेच्या जागी, माणूस उठून बसला की डोकं टेकतं तेवढ्या उंचीवर, तेलाचा काळपट डाग होता. चुना सगळीकडून सुटला होता, त्या डागांवर तेवढा नव्हता सुटला. ओळीनं डोकीच टेकून बसलेली वाटत होती. पोरगी हळूच म्हणाली, "मी परवा हे डाग कशाचे ते ओळखलंच नव्हतं," आणि ती एकेका डागापुढे जाऊन उभी राहू लागली. कॅमेऱ्याचा आवाज येत होता आणि पारवे घुमत होते. खिडकीजवळच्या डागापाशी मी थांबले. माझ्या नवऱ्याच्या आधी आणि नंतर किती डोकी तिथे टेकली असतील. तरी मी हात लावला. नियम मोडला. भिंत थंड होती, बाहेर एवढं ऊन असताना.

कोपऱ्यातल्या डागाकडे मी गेले नाही. लांबूनच पाहिलं.

"आजी, दारात उभी राहतेस का? एवढ्या मोठ्या खोलीत माणूस कुठेच नाही. आकार कळत नाही."

ती वॉर्डच्या त्या टोकाला, तिपाईवर कॅमेरा लावून. मी या टोकाला, उंबरठ्यावर. जिथे मी तेव्हा उभी होते नेमकी तिथेच पोरीनं मला उभं केलं होतं, तिच्या फोटोसाठी. मी तोंड उघडलं.

नाव आलं नाही.

मला वाटलं होतं, आता कोणाची लाज? सासू नाही, पाहुणे नाहीत, नवराही नाही. पण जीभ ती जुनीच. त्याचं नाव मी रेशनकार्डावर लिहिलं होतं, पोरांच्या शाळेत लिहिलं होतं, तो गेल्यावर ग्रामपंचायतीत लिहून दिलं होतं. तोंडानं कधी घेतलं नव्हतं, एकदाही नाही, पुटपुटण्याच्या पलीकडे. आणि आता वेगळीही धास्ती होती. खरंच उतरला तर? तो पंचविशीचा, मी ही अशी, दात काढून ठेवलेली. तो माझ्याकडे पाहून विचारेल, माझी बायको कुठे आहे? मी काय सांगू, ती वाचणारी शहाणी पोरगी? ती केव्हाच गेली, बाबा. बरं झालं गेली. आणि घरी नेलं तरी, त्याच्या खाटेवर दुसरा झोपत होता इतकी वर्षं, आणि मला तो दुसरा आवडत होता. हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

पारवे थांबले होते. कधी थांबले ते कळलं नाही.

आपल्या बायकांना नाव घ्यायचा एकच रस्ता शिकवलेला आहे. त्याच रस्त्यानं मी गेले. रिकाम्या वॉर्डाकडे तोंड करून, मांडवात म्हणतात तशी, मोठ्यांदा म्हटलं:

"सीताफळाला पडले डोळे, भिंतीला पडली ओल,
........रावांना हाक मारते, उशिरा फुटला बोल."

तिथे मी नाव घेतलं. इथे लिहीत नाही. लिहिणं मला कधीच जड गेलं नव्हतं.

"चला घरी," मी म्हटलं. मग नुसतं नाव घेतलं, आणि पुन्हा एकदा. तीनदा झालं.

काही झालं नाही. छताच्या भोकातून उन्हाची एक पट्टी पडली होती, तिच्यातली धूळ फिरत होती, ती फिरत राहिली. मी वळणार होते. मग माझी नजर कोपऱ्याकडे गेली. तिथला डाग इतरांपेक्षा फिका होता. त्या माणसानं फार डोकं टेकलंच नसावं, घड्या घालत असायचा. त्याला न्यायला कोणी आलं नाही. आला असेल तर तो आमच्याकडेच आला, आणि नसेल आला, तर इतकी वर्षं चपला शोधतोय. त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. पण मी ज्याच्याबरोबर संसार केला त्याला मी एकाच नावानं हाक मारली होती, आणि त्या नावाला पहिल्यांदा ओ देणारा हाच होता.

"अहो," मी कोपऱ्याकडे पाहून म्हटलं, "तुम्हीही चला."

मग मी उंबरठ्यावरून बाजूला झाले, आणि मागे न पाहता व्हरांड्यातून चालू लागले. या वेळी नाही पाहिलं.

पोरगी गाडीपाशी आली तेव्हा कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यात डोळे घालून होती.

"आजी, तू पदर कधी घेतलास डोक्यावर?"

"नाही घेतला."

तिनं दाखवलं. फोटोत मी दाराच्या एका अंगाला सरकून उभी आहे, कोणी बाहेर पडताना वाट द्यावी तशी. डोक्यावरून पदर, चेहरा खाली. घरात मोठी माणसं वावरायची तेव्हा मी अशी उभी राहायचे. सासूबाई गेल्यापासून मी पदर घेतला नव्हता.

"बाकी काही दिसते का त्याच्यात?" मी विचारलं.

"नाही. तू आणि दार."

"मग ठीक आहे."

ती कॅमेऱ्याची बॅग मागच्या सीटवर टाकायला गेली.

"मांडीवर दे माह्या," मी म्हटलं. "मांगं नको ठेवू."

"जड आहे गं. मागे अख्खी सीट रिकामी आहे."

"दे म्हणते ना."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या सीटकडे, आणि बॅग मुकाट्यानं माझ्या मांडीवर ठेवली.  रस्त्याकडेला सोयाबीनच्या गंज्या लागल्या होत्या. एकदा तिनं आरसा हलवला आणि पुन्हा होता तसा केला.

घरी पोचल्यावर मी तिला अंगणातच थांबवलं. आत जाऊन कालच्या भाकरीचा तुकडा घेतला, तांब्यात पाणी घेतलं आणि उंबरठ्याच्या आतून दारात उभी राहिले. हाक मारणारं आणि घरात घेणारं माणूस एक चालत नाही, हे मला आठवत होतं. पण सासूबाईंना आता कुठून आणू? दोन्ही मीच.

तुकडा पोरीवरून ओवाळला, पाणी फिरवलं आणि टाकलं. ती आत यायला निघाली.

"थांब. बाजूला हो जरा."

"झालं ना माझं?"

"तुहं झालं."

मी दुसरा तुकडा मोडला आणि तिच्या शेजारच्या उन्हात, माझ्यापेक्षा हातभर उंच असं धरून, ओवाळला. माझा नवरा धिप्पाड होता. मग तिसरा मोडला. तो जरा खाली धरला, हळू फिरवला.

"आजी, इथे मी एकटीच आहे," पोरगी म्हणाली, पण आवाज तिचा बारीक झाला होता.

"हो नं. म्हणून तं तुले म्हणते, मधात नको येऊ."

पाणी मातीत मुरलं. मी दारातून सरकले, पदर सावरला, आणि पोरीला म्हटलं तू आता ये. ती उंबरठा ओलांडून आत आली, जपून, कोणाला धक्का लागू नये तशी. मग मी तांब्या पुन्हा भरला आणि घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, पाणी कोण कोण घेणार.